यलोस्टोन आणि ग्रँड टिटन : तीन पिढ्या सोबत घेऊन जाताना

मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेला निघालेले आई-बाबा, तिथे नोकरी करणारे जोडपे आणि त्यांची शाळकरी मुले. आमच्याकडे अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांची चौकशी करायला येणारी बहुतेक कुटुंबे अशीच असतात. त्यांची पहिली मागणीही ठरलेली असते : ग्रँड कॅन्यन, झायन, ब्राइस, योसेमिटी आणि यलोस्टोन, सगळे दहा दिवसांत बसवून द्या. आम्ही ते बसवून देत नाही. नकाशावर शेजारी दिसणाऱ्या यातल्या बहुतेक जागा एकमेकींपासून शेकडो मैल लांब आहेत, आणि अशा धावपळीत आजी-आजोबांच्या वाट्याला गाडीची मागची सीट तेवढी येते. एकच प्रदेश निवडा आणि तिथे निवांत मुक्काम करा. वयस्कर माणसे आणि मुले दोघेही सोबत असतील, तर आमची पहिली पसंती यलोस्टोनला, आणि उतरायला जॅक्सन किंवा बोझमन विमानतळाला. चार रात्री यलोस्टोन, दोन रात्री शेजारचे ग्रँड टिटन उद्यान.

तिथे आहे काय?

१८७२ साली जाहीर झालेले यलोस्टोन हे जगातले पहिले राष्ट्रीय उद्यान मानले जाते. विस्तार सुमारे ९,००० चौरस किलोमीटर, म्हणजे अख्ख्या गोव्याच्या दुपटीहून जास्त. बहुतेक भाग वायोमिंग राज्यात, थोडा माँटाना आणि आयडाहोत. खाली ज्वालामुखीची धग अजून शाबूत आहे. पावसाचे आणि बर्फाचे पाणी जमिनीत मुरते, खोलवर तापते आणि वाट मिळेल तिथून वर येते. कुठे उकळते कुंड, कुठे बुडबुडणारा चिखल, कुठे नुसती वाफ, आणि वाट चिंचोळी असली की उसळणारे कारंजे, म्हणजे गायझर. जगातल्या चालू गायझरांपैकी जवळजवळ निम्मे याच उद्यानात आहेत.

ओल्ड फेथफुल हा त्यातला सर्वांत प्रसिद्ध. तो साधारण दीड तासाने उसळतो, पाणी ३२ ते ५६ मीटर उंच जाते. मागचा उद्रेक किती वेळ चालला यावरून पुढच्याची वेळ काढतात आणि माहिती केंद्रात लावतात. दहा मिनिटे मागेपुढे धरायची. उद्रेक संपला की सगळी गर्दी पार्किंगकडे पळते. तुम्ही उलट्या दिशेने, मॉर्निंग ग्लोरी कुंडाकडे चालू लागा. दीड मैलाची सपाट वाट आहे आणि दोन्ही बाजूंना इतकी कुंडे आणि गायझर आहेत की ओल्ड फेथफुल त्यांच्यापुढे साधा वाटावा.

मॉर्निंग ग्लोरी एके काळी निळेशार होते. लोकांनी नाणी आणि कचरा टाकून खालची तोंडे बुजवली, पाणी थोडे निवले आणि कडेने पिवळा-नारिंगी रंग चढला. आपल्याकडे पाणी दिसले की हात जोडून नाणे टाकायची सवय आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांत आपण अंघोळ करतो. इथल्या कुंडांत बोटही बुडवायचे नाही. पाणी उकळत्याच्या जवळपास असते, कडेची जमीन पापुद्र्यासारखी पातळ असते आणि भाजून आजवर वीसहून अधिक माणसे दगावली आहेत. लाकडी फळ्यांची वाट सोडायची नाही आणि लहान मुलांचा हात तर अजिबात सोडायचा नाही. सडक्या अंड्यांसारखा वास येईल, तो गंधकाचा.

ग्रँड प्रिझमॅटिक हे अमेरिकेतले सर्वांत मोठे गरम पाण्याचे कुंड. मध्ये निळे, कडेला हिरवे, पिवळे, नारिंगी. कडेचे रंग उष्णतेत जगणाऱ्या सूक्ष्मजीवांचे आहेत. इथे पहाटे जाऊ नका : गार हवेत वाफेखेरीज काही दिसत नाही. दुपारच्या उन्हात जा, आणि चढ झेपत असेल तर फेअरी फॉल्सच्या वाटेवरून वरच्या सज्ज्यावर जा. फोटोंत दिसते ते दृश्य तिथून आहे, खालून नाही.

यलोस्टोन नदीच्या घळईतला लोअर फॉल्स ९४ मीटरांचा. आर्टिस्ट पॉइंटवरून तो समोर दिसतो आणि पार्किंगपासून चालणे अगदी थोडे, त्यामुळे गुडघेदुखीवाल्यांनीही चुकवू नये. धबधब्याच्या माथ्यापर्यंत उतरणारी वाट मात्र परतताना दमवते. ती तरुणांनी करावी.

प्राणी

लामार आणि हेडन या खोऱ्यांत बायसनचे (गव्यासारख्या केसाळ रानटी जनावरांचे) कळप चरतात. लामारला सूर्योदयाच्या आसपास पोहोचलात तर लांडगे दिसण्याचीही शक्यता असते. इथून नाहीसे झालेले लांडगे १९९५ पासून पुन्हा आणून सोडले. दुर्बीण न्याच. बायसन आणि एल्क (मोठे हरीण) यांच्यापासून किमान २३ मीटर, अस्वल आणि लांडगे यांच्यापासून ९१ मीटर अंतर ठेवणे हा नियम आहे. बायसन म्हशीसारखा संथ दिसतो, पण ताशी ५५ किलोमीटर वेगाने धावतो. कळप रस्त्यावर आला तर गाडीतच बसून राहा. त्यामुळे वेळेचे गणित चुकतेच : ओल्ड फेथफुल ते कॅन्यन (लोअर फॉल्सजवळचे ठिकाण, ग्रँड कॅन्यन नव्हे) हे अंतर अवघे ४२ मैल, पण आम्ही त्याला दोन तास धरतो.

उंची, थंडी आणि डबा

ओल्ड फेथफुलचा परिसर कळसूबाईच्या शिखरापेक्षा सुमारे ६०० मीटर उंच आहे. पहिल्या दिवशी धाप लागते, डोके जड होते. हृदयाचा, दम्याचा किंवा रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे, आणि पहिला दिवस सर्वांनीच हलका ठेवावा. जुलैतही पहाट गोठवणारी असू शकते. स्वेटर, कानटोपी आणि पावसाचे जॅकेट नातवंडांच्या हट्टापुढे मागे ठेवू नका.

उद्यानातल्या उपाहारगृहांत शाकाहारी जेवण मिळते, पण चार दिवस तेच ते. दशम्या, थालीपीठ, चटणी, चिवडा बरोबर असला की घरचे खूश राहतात. सहभोजनासाठी बाके जागोजागी आहेत. मात्र अन्न उघड्यावर ठेवून पाच मिनिटेही दूर जायचे नाही. वासाने अस्वल येते, आणि माणसाच्या अन्नाला चटावलेल्या अस्वलाचा शेवट बरा होत नाही. खोलीत स्वयंपाक चालत नाही; चहाची किटली चालेल का, ते आम्ही हॉटेलला विचारून सांगू.

मुलांसाठी ज्युनियर रेंजर हा उपक्रम आवर्जून करा. पुस्तिकेतले उपक्रम पुरे करायचे, रेंजरसमोर शपथ घ्यायची आणि बिल्ला मिळवायचा. एरवी मोबाइल न सोडणारी मुले त्या बिल्ल्यासाठी झाडांची साल आणि प्राण्यांच्या पाऊलखुणा न्याहाळू लागतात. शिवाय उद्यानाच्या बऱ्याच भागात मोबाइलला रेंज नसतेच. नकाशा आधीच उतरवून घ्या.

ग्रँड टिटन

इथे फार काही करायचे नाही. डोंगरांसमोर बसायचे. मुख्य शिखर ४,१९९ मीटर, आणि पायथ्याला टेकड्या नसल्यामुळे सपाटीतून एकदम भिंत उभी राहिल्यासारखे. जेनी लेकवर होडीने पलीकडे जाता येते.

पैसे आणि आरक्षण

१ जानेवारी २०२६ पासून दर बदलले आहेत. यलोस्टोन, ग्रँड टिटन धरून अकरा उद्यानांत, अमेरिकेचे रहिवासी नसलेल्या १६ वर्षे व त्यावरील व्यक्तींना नेहमीच्या शुल्काखेरीज माणशी १०० डॉलर द्यावे लागतात. वार्षिक पास रहिवाशांना ८० डॉलर, इतरांना २५०. म्हणून भारतातून येणाऱ्या आई-बाबांचा हिशेब वेगळा करावा लागतो. त्यांचे पासपोर्ट आणि तिथे नोकरी करणाऱ्या जोडप्याची तिथली ओळखपत्रे गाडीत हवीत. नियम बदलू शकतात, तेव्हा पैसे भरण्याआधी आम्ही ताजे दर कळवू.

मे महिन्यात काही रस्ते बर्फामुळे बंद असतात. जूनअखेर ते सप्टेंबरमध्य हा काळ चांगला. शाळेची अडचण नसेल तर सप्टेंबरच घ्या, गर्दी ओसरते. उद्यानातल्या खोल्या वर्षभर आधी भरू लागतात. त्या नसल्या तर वेस्ट यलोस्टोन किंवा गार्डिनर या गावांत राहता येते, पण रोजचे जाणे-येणे वाढते.

चौकशीला येताना प्रत्येकाचे वय, किती चालणे झेपते, गाडी कोण चालवणार आणि त्याच्याकडे कुठला परवाना आहे, एवढे लिहून आणा. तारखा ठरलेल्या नसल्या तरी चालेल.