एसयूव्हीचे झुकलेले नाक आणि स्पेसर

एसयूव्हीचे नाक खाली दिसले की पुढच्या स्प्रिंगा दबून खचल्या असे समजावे आणि स्पेसर, म्हणजे उंची वाढवणारी जाड चकती, टाकून गाडी समतल करावी, असा संदेश मुंबईत खड्ड्यांच्या दिवसांत हमखास फिरतो. वास्तविक अनेक गाड्यांची मागची बाजू मुद्दाम उंच ठेवलेली असते, कारण माणसे आणि सामान भरल्यावर तीच अधिक दबते. स्ट्रटवरील (स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर एकत्र असलेल्या खांबावरील) स्पेसर उंची वाढवतो, पण स्प्रिंगचा ताठपणा बदलत नाही. उलट चाकाला खाली उतरायला वाव कमी उरू शकतो, ड्राइव्ह शाफ्टचा (चाकाला इंजिनची ताकद पोहोचवणाऱ्या दांड्याचा) कोन वाढतो, अलाइनमेंट (चाकांचे ठरलेले कोन) बदलते आणि हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांवर जाऊ शकतो, जे मला सर्वांत गंभीर वाटते.

पडताळणी सोपी आहे. सोसायटीच्या सपाट पार्किंगमध्ये, टायरमधील हवा योग्य ठेवून, चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या (चाकावरील पत्र्याच्या कमानीच्या) कडेपर्यंतचे अंतर चारही ठिकाणी टेपने मोजावे. आधी रिकाम्या गाडीत, मग कुटुंब आणि सामान बसवून. फेंडरची कमान पुढे-मागे वेगळी असू शकते, म्हणून तुलना डाव्या-उजव्या मापांची आणि त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीशी करावी. ठळक फरक आढळल्यास स्प्रिंग तपासून बदलावी. पुढे विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारे यंत्र) किंवा लोखंडी बंपर कायमचा बसवला असेल, तर त्या वजनाला साजेशी स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर घ्यावेत, आणि त्यानंतर अलाइनमेंट व हेडलाइटची दिशा पुन्हा जुळवून घ्यावी.