सर जॉन ईगन

ईगन, सर जॉन : (जन्म ७ नोव्हेंबर १९३९). ब्रिटिश उद्योग व्यवस्थापक. शिक्षणाने खनिज तेल अभियंते, पण नाव झाले ते डबघाईला आलेली जॅग्वार ही मोटार कंपनी सावरल्यामुळे. पुढे ते ब्रिटनमधील प्रमुख विमानतळ चालवणाऱ्या बीएए कंपनीचे मुख्याधिकारी झाले. १९९८ मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बांधकाम व्यवसायावर दिलेला अहवाल ‘ईगन अहवाल’ याच नावाने ओळखला जातो.

जन्म लँकशरमधील रॉटेन्स्टॉलचा; शाळा मात्र कॉव्हेंट्रीतली, म्हणजे मोटारींच्या कारखान्यांवर पोसलेल्या शहरातली. लंडनच्या इंपीरियल कॉलेजातून पदवी घेतल्यावर त्यांनी शेल कंपनीसाठी मध्यपूर्वेत तेलक्षेत्रात काम केले. त्यानंतर लंडन बिझनेस स्कूलमध्ये व्यवस्थापनाचे शिक्षण आणि जनरल मोटर्सच्या सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत नोकरी. १९७१ मध्ये ते जॅग्वारची मालकी असलेल्या ब्रिटिश लेलँड या मोटार कंपनीत आले आणि सुट्या भागांचा विभाग त्यांच्याकडे आला. ‘युनिपार्ट’ हे नाव याच विभागाचे. १९७६ ते १९८० या काळात ते मॅसी फर्ग्युसन या ट्रॅक्टर कंपनीत होते. चरित्रकार ही वर्षे सहसा दोन ओळींत उरकतात. पण गाडीचे नेमके काय मोडते, हे सुटे भाग विकणाऱ्याला कारखान्यातल्या माणसाच्या आधी कळते, आणि पुढे जॅग्वारमध्ये ईगन यांना उपयोगी पडले ते हेच ज्ञान.

ब्रिटिश लेलँडचे १९७५ मध्ये राष्ट्रीयीकरण झाले होते आणि त्या अवाढव्य पसाऱ्यात जॅग्वारची स्वतंत्र ओळख जवळपास पुसली गेली होती. गाडी दिसायला देखणी. पण रस्त्यात बंद पडणार, याची मालकालाही खात्री. कॅसल ब्रॉमविचच्या कारखान्यातले रंगकाम इतके बिघडले होते की १९७९ चे नवे मॉडेल सुरुवातीला मोजक्याच रंगांत मिळत होते. लेलँडचे अध्यक्ष सर मायकेल एडवर्ड्स यांनी १९८० च्या वसंतात ईगन यांना जॅग्वारवर नेमले, तेव्हा कॉव्हेंट्रीच्या ब्राउन्स लेन कारखान्यात संप चालू होता. कंपनी सावरायची की सरळ टाळे लावायचे, इथवर गोष्ट आली होती. कामगारांना परत कामावर आणणे हेच नव्या अध्यक्षांचे पहिले काम ठरले.

त्यानंतर त्यांनी जे केले त्यात नाट्य फारसे नव्हते. ग्राहकांच्या तक्रारी गोळा करून गाडीतल्या दोषांची यादी काढली. ती दीडशेच्या आसपास भरली. प्रत्येक दोषाचा माग काढल्यावर दिसले की निम्म्याहून अधिक दोष बाहेरून विकत घेतलेल्या भागांत होते. कामगारांना दोष देण्याची सवय लागलेल्या व्यवस्थापनाला हे पचायला जड गेले असणार. सर्वांत त्रासदायक दोष दूर करण्याची जबाबदारी थेट संचालकांवर टाकण्यात आली. पुरवठादारांशी नवे करार झाले : ठरलेल्या प्रमाणापेक्षा जास्त भाग निकामी निघाले, तर हमीतल्या दुरुस्तीचा भुर्दंड पुरवठादाराने सोसायचा. जॅग्वारच्या मालकांना फोन करून गाडीबद्दल विचारले जाई, आणि तुलनेसाठी प्रतिस्पर्धी जर्मन गाड्यांच्या मालकांनाही. कामातले दोष शोधून सुधारणा सुचवणारी कामगारांची गुणवत्ता मंडळे निघाली, त्यांच्या कुटुंबीयांना कारखाना दाखवला जाऊ लागला. या सगळ्याला दुसरी बाजूही होती : १९८० मध्ये सुमारे दहा हजार असलेली कामगारसंख्या दोन वर्षांत जवळपास तीन हजारांनी घटली.

या काळात विकली जात होती ती मूळची १९६८ ची, फक्त सुधारून घेतलेली गाडी. नवे मॉडेल १९८६ मध्ये आले. तरीही अमेरिकेतली विक्री १९८० मधील सुमारे ३,००० गाड्यांवरून १९८४ मध्ये १८,००० वर गेली. ऑगस्ट १९८४ मध्ये थॅचर सरकारने कंपनीचे समभाग विक्रीस काढले, तेव्हा मागणी पुरवठ्याच्या कितीतरी पट होती. १९८५ चा नफा १२ कोटी पौंडांवर गेला आणि १९८६ मध्ये ईगन यांना ‘सर’ ही पदवी मिळाली.

या यशाचे सगळे श्रेय दोषांच्या यादीला देता येत नाही. १९८० च्या अखेरीस पौंडाची किंमत २.४० डॉलरच्या घरात होती, ती १९८५ च्या सुरुवातीला १.०५ पर्यंत उतरली. निम्म्याहून जास्त गाड्या अमेरिकेत विकणाऱ्या कंपनीला ही लॉटरीच होती, कारण डॉलरमधल्या कमाईचे आता जास्त पौंड होत. पौंड पुन्हा वधारू लागला तशी उलटी गणितेही दिसू लागली. १९८८ चा नफा १९८५ च्या निम्म्याहून खाली आला. त्याच वर्षी ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जॅग्वारने जिंकली, पण शर्यतीच्या चषकातून नव्या मॉडेलसाठी भांडवल उभे राहत नाही. १९८९ मध्ये फोर्ड आणि जनरल मोटर्स या दोघांचीही नजर कंपनीवर पडली. कंपनी दुसऱ्याच्या हाती जाणे रोखू शकणारा आपला विशेषाधिकाराचा समभाग सरकारने सोडला आणि फोर्डने १६० कोटी पौंडांना जॅग्वार घेतली. पुढच्या वर्षी ईगन बाहेर पडले. त्यांच्या जागी आलेले फोर्डचे बिल हेडन यांनी ब्राउन्स लेन कारखान्याची तुलना रशियातील गॉर्कीच्या कारखान्याशी केली. टोमणा झोंबणारा होता, तरी अगदीच निराधार नव्हता. ईगन यांनी शिस्तीने दुरुस्त होण्याजोगे बरेच काही दुरुस्त केले; ज्याला पैसाच लागतो ते जुनाटच राहिले. फोर्डने २००८ मध्ये लँड रोव्हरसह जॅग्वार टाटा मोटर्सला विकली, आणि २०१३ पासून काही काळ जॅग्वारची एक्सएफ पुण्यात जुळवली जात होती. आजच्या कंपनीचे मुख्यालय कॉव्हेंट्रीच्या व्हिटली भागात आहे. तिथले अभियांत्रिकी केंद्र ईगन यांच्याच काळात उभे राहिले.

बीएएमध्ये (१९९०–९९) त्यांनी विमानतळावरच्या दुकानांना शहरातल्या दुकानांइतकेच भाव ठेवायला लावले. मात्र खरा कस लागला तो ऑक्टोबर १९९४ मध्ये, जेव्हा हीथ्रोला लंडनशी जोडणाऱ्या रेल्वेचे बोगदे बांधकाम चालू असतानाच खचले. जीवितहानी झाली नाही. अशा प्रसंगी मालक आणि कंत्राटदार वर्षानुवर्षे न्यायालयात भांडत राहतात. बीएएने मात्र दोन्ही बाजूंचे अभियंते एकाच चमूत बसवून काम मार्गी लावले आणि जून १९९८ मध्ये हीथ्रो एक्सप्रेस धावू लागली. हीथ्रोचे पाचवे टर्मिनल बांधताना जोखीम कंत्राटदारावर न ढकलता मालकाने स्वतःकडे घेण्याचा जो करार पुढे झाला, त्याचे मूळ याच अनुभवात शोधले जाते.

जुलै १९९८ च्या अहवालामागेही तोच विचार होता. उपपंतप्रधान जॉन प्रेस्कॉट यांनी नेमलेल्या या समितीने सर्वांत कमी बोलीच्या निविदेला काम देण्याच्या पद्धतीवर टीका केली. बांधकामाचा खर्च आणि कालावधी दर वर्षी १० टक्के, तर दोष आणि अपघात २० टक्के कमी करावेत, असे लक्ष्य तिने ठेवले. इमारत म्हणजे मोटार नव्हे, प्रत्येक जागेची माती वेगळी असते, असा आक्षेप व्यवसायातून लगेच आला. तो आजही घेतला जातो, आणि त्यात तथ्य आहे. पण अहवालाचा रोख इमारतींपेक्षा त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा करण्यावर होता, हे आक्षेप घेणारे सहसा सोडून देतात.

नंतर ते ब्रिटिश उद्योग महासंघाचे अध्यक्ष (२००२–०४), तसेच इंचकेप आणि सेव्हर्न ट्रेंट या कंपन्यांचे अध्यक्ष होते. २००७ मध्ये ते कॉव्हेंट्री विद्यापीठाचे कुलपती झाले.