गोफणगुंडा: दगडाचा, मातीचा, शिशाचा

ज्वारीवरची पाखरं हाकायला आपल्याकडे गोफण चालते. दोन दोऱ्या आणि मधे झोळी, बस्स. दोन हजार वर्षांपूर्वी युरोपात याच साधनानं किल्ले लढवले गेले. दोरीमुळे हात जणू लांब होतो. फिरण्याचा वेग तोच ठेवून त्रिज्या दुप्पट केली, की गुंड्याचा वेगही दुप्पट. गोफण सगळीकडे सारखीच. फरक पडला तो झोळीत काय घातलं याचा.

इंग्लंडच्या दक्षिणेला मेडन कॅसल हा लोहयुगातला डोंगरी किल्ला आहे. 1930 च्या दशकात मॉर्टिमर व्हीलर यांनी तिथं उत्खनन केलं, तेव्हा पूर्व दरवाजापाशी एकाच साठ्यात 22,000 हून जास्त गोटे निघाले. तेही समुद्रकिनाऱ्यावरून वाहून आणलेले! लाटांनी घासून गुळगुळीत केलेले, साधारण एका मापाचे गोटे असले की नेम बसतो. दर वेळी वेगळ्या वजनाचा दगड आला तर हाताचा अंदाज चुकतो.

गॉलमधल्या (आजच्या फ्रान्स-बेल्जियमच्या भागातल्या) नर्व्ही टोळीच्या लोकांनी मातीच वापरली. इ.स.पू. 54 मध्ये त्यांनी क्विंटस सिसेरो या रोमन सेनानीच्या छावणीला वेढा घातला. सातव्या दिवशी सोसाट्याचा वारा सुटला, तेव्हा त्यांनी तापवलेले मातीचे गोळे छावणीतल्या गवताने शाकारलेल्या झोपड्यांवर फेकले. उडताना गोळ्याचा वरचा थर निवतो, आतली धग टिकते; वाळल्या गवताला तेवढी पुरते. गोफणीची झोळी का जळाली नाही, याबद्दल ही हकीकत लिहून ठेवणारा रोमन सेनापती जुलियस सीझर गप्प आहे.

रोमनांची पसंती शिशाला. दगडाच्या चौपट घनतेमुळे तेवढ्याच वजनाची गोळी लहान होते, हवा तिला कमी अडवते आणि ती येताना दिसतही नाही. आकारावरून लॅटिनमध्ये तिचं नाव ‘ग्लान्स’, म्हणजे ओकचं फळ. इ.स.पू. 41-40 मधल्या इटलीतल्या पेरुजिया शहराच्या वेढ्यात तर दोन्ही बाजूंनी गोळ्यांवर एकमेकांना शिव्या कोरल्या. बऱ्याचशा इथं छापण्याजोग्या नाहीत.

सगळ्यात चक्रावून टाकतात त्या स्कॉटलंडच्या बर्न्सवर्क टेकडीवरच्या, इ.स. दुसऱ्या शतकातल्या गोळ्या. त्यांतल्या काही लहान गोळ्यांना छिद्र पाडलेलं आहे. छिद्रानं वजन घटतं, मारही कमी होतो. मग हा खटाटोप कशाला? तशाच गोळ्या बनवून फेकून पाहिल्या, तेव्हा त्या भुंग्यासारख्या गुणगुणत गेल्या. तटामागे दबून बसलेल्याला गोळी लागली नाही तरी ऐकू मात्र येणारच.