पिट्सबर्ग अँड लेक एरी रेल्वे

पिट्सबर्ग अँड लेक एरी रेल्वे : अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया व ओहायो राज्यांतील पोलाद कारखान्यांची मालवाहतूक करणारा छोटा लोहमार्ग (स्थापना १८७५, वाहतूक १८७९ पासून). नावात एरी सरोवर असले, तरी याचे रूळ सरोवरापर्यंत कधीच गेले नाहीत. पिट्सबर्गहून निघालेला मार्ग यंग्जटाउनला संपे आणि पुढचा माल इतर कंपन्यांच्या गाड्या नेत.

सुरुवातीच्या भांडवलात इकॉनॉमी गावच्या हार्मनी सोसायटीचा वाटा मोठा होता. ब्रह्मचर्य पाळणारा, मालमत्ता सामाईक मानणारा हा जर्मन धार्मिक समुदाय. त्याचे विश्वस्त जेकब हेन्रिसी काही काळ कंपनीचे अध्यक्षही होते. नंतर हा मार्ग व्हँडरबिल्ट घराण्याच्या रेल्वेजाळ्यात गेला आणि त्या घराण्याच्या न्यूयॉर्क सेंट्रल या रेल्वे कंपनीच्या अखत्यारीत आला.

याचे सामर्थ्य भूगोलात होते. ओहायो, मनोंगहेला आणि यॉकिओगेनी या नद्यांच्या काठाने रूळ टाकल्यामुळे चढ सौम्य राहिले आणि जड मालगाड्या सहज ओढता आल्या. एकीकडून कॉनेल्सव्हिलचा कोक (दगडी कोळशापासून बनवलेले भट्टीचे इंधन), दुसरीकडून सरोवराच्या बंदरांत उतरलेले लोहखनिज झोतभट्ट्यांकडे येई. त्याच रुळांवरून तयार पोलाद बाहेर पडे. लांबीच्या मानाने मालाचे वजन इतके प्रचंड, की याला ‘लिटल जायंट’ हे टोपणनाव पडले. ॲलिक्विपा या पोलादनगरीला सेनेका जमातीच्या राणीचे नाव मिळाले तेही रेल्वेने स्थानकांसाठी निवडलेल्या नावांतून. राणीचा त्या जागेशी संबंध नव्हता.

एकाच उद्योगावरचे हे अवलंबित्व पुढे जिवावर बेतले. १९७६ मध्ये दिवाळखोर रेल्वे कंपन्या एकत्र करून कॉनरेल ही सरकारी कंपनी स्थापन झाली तेव्हा दिवाळखोर नसलेली ही कंपनी बाहेर राहिली आणि १९७९ मध्ये स्वतंत्र झाली. पण १९७७ मध्येच यंग्जटाउनजवळचा कॅम्पबेल पोलाद कारखाना बंद करण्याची घोषणा झाली होती. १९८६ मध्ये पिट्सबर्गजवळच्या होमस्टेडचा पोलाद कारखानाही थंडावला. १९८७ पर्यंतच्या ५ वर्षांत कंपनीला सुमारे ६ कोटी डॉलरचा तोटा झाला. १९९२ मध्ये ती सीएसएक्स या मोठ्या रेल्वे कंपनीच्या ताब्यात गेली.

पिट्सबर्गमधील १९०१ चे भव्य स्थानक ‘स्टेशन स्क्वेअर’ या व्यापारी संकुलाचा भाग म्हणून जतन झाले आहे. मकीस्पोर्ट ते कॉनेल्सव्हिल या सोडून दिलेल्या मार्गावर आता ग्रेट ॲलेगेनी पॅसेज ही सायकलवाट आहे. मुख्य मार्गावर सीएसएक्सच्या मालगाड्या धावतात.

पर्यटकांना स्थानक आणि सायकलवाट दिसते. रेल्वे कामगारांच्या दृष्टीने मात्र या कंपनीचा सर्वांत दूरगामी वारसा न्यायालयीन आहे. १९८७ मध्ये कंपनीने सारा मार्ग एका नव्या कंपनीला विकण्याचा करार केला. खरेदीदार जुने कामगार-करार स्वीकारणार नव्हता आणि सुमारे ७५० कामगारांपैकी त्याला २५० च पुरेसे होते. सप्टेंबरमध्ये कामगारांनी संप पुकारला. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, धंदाच सोडून देणाऱ्या रेल्वे कंपनीला वाटाघाटी पूर्ण होईपर्यंत विक्री रोखून धरण्याचे बंधन रेल्वे कामगार कायद्याने नाही; विक्रीच्या परिणामांविषयी बोलणी करण्याचे कर्तव्य मर्यादित असून ते विक्री होईपर्यंतच टिकते. अशा विक्रीत कामगार संघटनांच्या हातातले एक महत्त्वाचे हत्यार या निकालाने बोथट झाले.