रेझिनची रंगवलेली मूर्ती आमच्याकडे आणण्याआधी

शिवजयंती जवळ आली, दिवाळीच्या किल्ल्यांची तयारी सुरू झाली की आमच्या नाशिकच्या दुकानात एकच विचारणा असते: "जुना रंग काढून नवा मारून द्याल का?" देतो. महाराज, मावळे, शोपीस, सगळं करतो. फक्त त्याआधी घरी थिनर लावू नका.

थिनरने रंग निघतो, नाही असं नाही. पण त्यातला ॲसिटोन रेझिनमध्येही मुरतो. बऱ्याच नेलपॉलिश रिमूव्हरमध्येही तोच असतो. मूर्ती वरून मऊ, चिकट होते. तशीच हातात धरली की गालावर अंगठ्याचा ठसा उमटतो आणि वाळल्यावर कायमचा राहतो. जिरेटोपाची नक्षी, दाढीच्या रेषा बुजल्या की पुन्हा कोराव्या लागतात. मग ते रंगकाम राहत नाही आणि बिलही रंगकामाचं राहत नाही. फेविक्विकने चिकटवलेली तलवार सुटते ती वेगळीच.

ॲक्रिलिक रंग आम्ही आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ टूथब्रशने काढतो. हट्टी थर असेल तर मूर्ती नुसत्या डेटॉलमध्ये, पाण्याचा थेंब न घालता, रात्रभर ठेवतो. बाहेर काढल्यावर थेट नळाखाली धरायची नाही; सुटलेल्या रंगाचा चिक होऊन खाचांत बसतो. आधी ताज्या डेटॉलने पुसायचं, मग भांड्याच्या साबणाने धुवायचं. घरी करणार असाल तर हातमोजे घाला आणि आधी बैठकीच्या तळाला लावून बघा. तळ खरवडल्यावर खडूसारखी भुकटी पडली तर मूर्ती पीओपीची समजा. ती भिजवूच नका.

"दोन तासांत होईल ना?" नाही होत. भिजवणं, वाळवणं, पुट्टी, पॉलिश पेपर, प्रायमर, मग रंग. घाईत प्रायमर टाळला तर रंग नखाने निघतो. पावसाळ्यात आणखी थांबावं लागतं, कारण दमट हवेत मॅट वार्निशवर पांढुरकी झाक येते. आम्ही कोरड्या दिवसाची वाट बघतो, त्याचे जादा पैसे घेत नाही. वाकलेला भालाही गरम पाण्यात धरून फुकट सरळ करून देतो.

आधी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवा. जुना रंग पातळ आणि घट्ट असेल तर तो काढायची गरजच नसते. धुऊन त्यावरच रंगवता येतं, निम्म्या कामात भागतं. तुटलेला तुकडा बोटाच्या पेराएवढा असला तरी पिशवीत घालून सोबत आणा.