काल्मान, इम्रे

(२४ ऑक्टोबर १८८२ – ३० ऑक्टोबर १९५३). हंगेरियन ऑपेरेटाकार (ऑपेरेटा म्हणजे हलकेफुलके संगीतनाट्य). बालातोन सरोवराकाठी शिओफोक येथे एका ज्यू कुटुंबात जन्म. मूळ आडनाव कोपश्टाइन. जर्मन संहितांवर त्याचे नाव ‘एमेरिख’ असे छापलेले आढळते. संधिवातामुळे पियानोवादक होण्याचा बेत सुटला. बुडापेस्टच्या संगीत अकादमीत तो हान्स कॉस्लरकडे रचनाशास्त्र शिकला. हंगेरियन संगीतकार बार्टोक व कोदाय त्याच अकादमीतले. ‘तातारयाराश’ (१९०८) ही ऑपेरेटा बुडापेस्टमध्ये व वर्षभरात व्हिएन्नात गाजल्यावर तो व्हिएन्नावासी झाला. ‘डी चार्दाशफ्युर्स्टिन’ (१९१५) आणि ‘ग्रेफिन मारित्सा’ (१९२४) या त्याच्या प्रमुख कृती.

व्हिएन्नाचा वॉल्ट्झ आणि हंगेरीचा चार्दाश या नृत्यप्रकारांच्या सांध्यावर त्याचे संगीत उभे आहे. ‘चार्दा’ म्हणजे रस्त्याकडेची खाणावळ. त्यावरून नृत्याचे नाव पडले. त्याचे मूळ सैन्यभरतीच्या व्हेर्बुंकोश नृत्यात असावे, असे सामान्यतः मानतात. चार्दाशसारखे हंगेरियन संगीत मुळात जिप्सींचे, असे संगीतकार लिस्टने १८५९ मध्ये मांडले. बार्टोकने १९३१ मध्ये ते खोडून जिप्सींना वादक मानले, जनक नव्हे. नागर चार्दाशपुरते बार्टोकचे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र वादनशैलीवरचा जिप्सींचा ठसा त्याने नाकारलेला नाही.

चार्दाशचे दोन भाग: संथ ‘लॉश्शू’ व द्रुत ‘फ्रिश’. ‘चार्दाशफ्युर्स्टिन’मधले नायिका सिल्वाचे प्रवेशगीत हा याचा नमुना. फ्रिशमध्ये खर्जवाद्ये ठोक्यावर, तर मधली तंतुवाद्ये दोन ठोक्यांच्या मधोमध वाजतात. लय पायरीपायरीने चढावी लागते. आरंभीच वेग गाठला की शेवटाला चढायला जागा उरत नाही. हंगेरियन शब्दाचा आघात पहिल्या अक्षरावर असल्याने आखूड-लांब स्वरजोड्या येतात. त्या समान केल्या की चाल सपाट होते. तथाकथित ‘जिप्सी’ स्वरसप्तक (सा, रे, कोमल ग, तीव्र म, प, कोमल ध, शुद्ध नी) यात दीड स्वराची दोन अंतरे पडतात. कर्नाटक पद्धतीतल्या सिंहेंद्रमध्यम मेळाचे स्वर हेच, पण संबंध जोडण्यास आधार नाही. संतूरच्या जातीचे त्सिंबॉलोम नसल्यास पियानो वापरतात. त्यात काड्यांचा थरथरता नाद हरवतो.

‘डी हेर्त्सोगिन फॉन शिकागो’मध्ये (१९२८) त्याने चार्दाशसमोर चार्ल्स्टन हा अमेरिकी नृत्यप्रकार उभा केला. १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया गिळल्यावर तो झुरिक, पॅरिसमार्गे अमेरिकेत गेला. ‘ॲरिझोना लेडी’ मरणोत्तर सादर झाले. निधन पॅरिसला, दफन व्हिएन्नाला.