यूजीन एस्मंड

एस्मंड, यूजीन : (१ मार्च १९०९ – १२ फेब्रुवारी १९४२). दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश नौदलाचा वैमानिक, व्हिक्टोरिया क्रॉस या ब्रिटनच्या सर्वोच्च शौर्यपदकाचा मानकरी. जन्म यॉर्कशरमध्ये, घराणे आयर्लंडमधील टिपरेरीचे. काही वर्षे हवाई दलात काढून तो इंपीरियल एअरवेजची विमाने चालवू लागला. १९३९ मध्ये नौदलाच्या हवाई शाखेत आला.

मे १९४१ मध्ये ‘व्हिक्टोरियस’ या विमानवाहू नौकेवरून नऊ स्वोर्डफिश विमाने घेऊन त्याने ‘बिस्मार्क’ या जर्मन युद्धनौकेवर हल्ला केला. एक टॉर्पेडो (पाणतीर) लागला. या कामगिरीबद्दलचे डीएसओ (डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर) पदक राजाच्या हस्ते त्याला मिळाले ११ फेब्रुवारी १९४२ रोजी, मृत्यूच्या आदल्या दिवशी.

त्याच रात्री ‘शार्नहोर्स्ट’, ‘ग्नायझेनाउ’ आणि ‘प्रिन्झ ऑयगन’ ही जर्मन जहाजे फ्रान्समधील ब्रेस्ट बंदरातून निघाली. ती इंग्लंड व फ्रान्स यांच्यामधील डोव्हरची सामुद्रधुनी रात्री ओलांडतील, हा ब्रिटिशांचा अंदाज पार चुकला. ती आली भर दुपारी. एस्मंडची ८२५ क्रमांकाची तुकडी इंग्लंडमधील मॅन्स्टनच्या विमानतळावर होती ती रात्रीच्या हल्ल्यासाठी. स्वोर्डफिश म्हणजे कापडाने मढवलेले, तिघांचे द्विपंखी विमान. टॉर्पेडो लटकवल्यावर त्याचा वेग इतका मंदावे, की दिवसाउजेडी ते तोफांचे आयते लक्ष्य ठरे. संरक्षणाला लढाऊ विमानांच्या पाच तुकड्या देण्याचे ठरले होते. वेळेवर पोहोचली फक्त दहा स्पिटफायर. जहाजे हातची निसटत होती, म्हणून अधिक न थांबता दुपारी साडेबाराच्या सुमारास एस्मंड आपली सहा विमाने घेऊन निघाला.

जर्मन लढाऊ विमाने वाटेतच तुटून पडली आणि स्पिटफायर मागे पडली. पंख जायबंदी होऊनही एस्मंडने जहाजांचा रोख सोडला नाही. अखेर त्याचे विमान समुद्रात कोसळले. मागची तीन विमाने पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडली नाहीत. सहाही विमाने गेली, अठरापैकी पाच जण वाचले. एकही टॉर्पेडो लागला नाही. हे अपयश मात्र वैमानिकांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. मुळात रात्रीसाठी आखलेली कामगिरी, अपुऱ्या संरक्षणानिशी, त्यांच्यावर दिवसा येऊन पडली होती.

एस्मंडला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला आणि तो त्याच्या आईने स्वीकारला. एप्रिलअखेरीस टेम्सच्या मुखाशी त्याचा मृतदेह सापडला. दफन जिलिंगहॅम येथे झाले. वाचलेल्यांपैकी चार अधिकाऱ्यांना डीएसओ, तर विमानातील तोफची डोनाल्ड बन्स याला कॉन्स्पिक्युअस गॅलंट्री मेडल मिळाले. मृत्यूनंतर व्हिक्टोरिया क्रॉस किंवा खलित्यात (अधिकृत युद्धअहवालात) नामोल्लेख एवढेच देता येई, असा त्या काळचा नियम होता. त्यामुळे एस्मंडबरोबर गेलेल्या बारा जणांच्या वाट्याला केवळ नामोल्लेख आला.